बाथरूम फोडायच्या आधी कोटेशन वाचा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एकाने कोटेशन टाकलं. 'बाथरूम कम्प्लीट, विथ मटेरियल, लमसम', म्हणजे सगळ्याची मिळून एकच रक्कम. खाली आकडा. संपलं. त्यावर धडाधड अंगठे आणि 'माणूस चांगला आहे, घरचाच समजा'. अहो, घरचा आहे तर जेवायला बोलवा, बाथरूम कशाला फोडायला देताय?

आपल्याच विंगमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, तरी हे! त्यांच्या कोटेशनमध्येही 'वॉटरप्रूफिंग केले जाईल' एवढी एकच ओळ होती. जुन्या टाइल्स फोडताना खालचा कोबा, म्हणजे टाइल्सखालचा काँक्रीटचा थर, खिळखिळा झाला, त्यावरच पाणी अडवणाऱ्या कोटिंगचा एक हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी टाइल्स. पाणी भरून बघितलंच नाही. खालच्या काकूंच्या स्वयंपाकघराचं छत आता पोपडे टाकतंय.

त्या एका ओळीच्या जागी काय हवं? कोबा पूर्ण काढणार की नाही. पाइप स्लॅबमधून जातो तिथली फट भरायला ग्राउट, म्हणजे भरायचा मसाला, कसलं. कोपऱ्यांना गोलाई. कोटिंगचे दोन हात, एक उभा, एक आडवा, मधे वाळायला वेळ. शॉवरच्या भिंतीला सहा फूट तरी, बाकीकडे फूटभर. मग नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायची जाळी, बंद करून पाणी भरायचं, किमान 48 तास ठेवायचं आणि खालच्या घरात जाऊन छत बघायचं. फरशीला उतार 1:80, म्हणजे आठ फुटांत साधारण सव्वा इंच. भिंतीतल्या सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकच्या पाण्याच्या पाइपची, प्रेशर टेस्ट भिंतीतली झिरी (पाइपसाठी खोदलेली खाच) बुजवायच्या आधी, नंतर नाही.

टाइल्सचंही तेच. विट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे भिंतीवर नुसत्या सिमेंटवर ती धरत नाही, अ‍ॅडेसिव्हच, म्हणजे टाइल चिकटवायचा तयार मसालाच, लागतो. तोही मागे चार ठिपके देऊन नाही, दातेरी थापीने पूर्ण पसरून. बसल्यावर नाण्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला की टाइल काढायला लावा, लाजू नका. काकांकडे दाराजवळची अख्खी ओळ पोकळ वाजते.

आणि 'चांगल्या कंपनीचा प्लाय' हे काय असतं? घराचं बाकी कामही काढलं असेल तर स्वयंपाकाच्या ओट्याखाली आयएस 710 (पाण्यात टिकणारा मरीन प्लाय), कोरड्या जागी आयएस 303 (साधा प्लाय) चालेल, हे लिहून पाहिजे. वायर लाइटला 1.5, सोळा अँपिअरच्या पॉइंटला 2.5, एसीला 4 चौरस मिलिमीटर. एकदा पुण्यात विजेच्या सामानासाठी तपकीर गल्ली आणि प्लायसाठी टिंबर मार्केटला चक्कर मारून भाव विचारून या, म्हणजे लमसममध्ये कुठे काय दडलंय ते कळेल.

हो, एवढं लिहून देणारा महाग पडतो. पडू दे.

माणूस निवडताना झालेल्या कामाचे फोटो बघू नका, फोटोत सगळीच बाथरूम छान दिसतात. त्याची चालू साइट बघा, भरदुपारी, न कळवता. सिमेंटची पोती फळ्यांवर आहेत की ओल्या फरशीवर? नव्या प्लास्टरवर पाणी मारलं जातंय का? मिस्त्रीला उताराचं विचारलं तर तो लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) काढतो की डोळ्याने सांगतो? आणि दोन वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाला फोन कराच, पण त्याच्या खाली राहणाऱ्यालाही करा. खरं उत्तर तिथे मिळतं.

बरं, सगळा दोष कंत्राटदाराचा नसतो, हेही कबूल. काकांनी अर्ध्यात टाइल बदलली, त्याचा मिस्त्री रिकामा बसला. शनिवारी मजुरांचे पैसे त्याला चुकवावेच लागतात, आपली टाइल ठरो न ठरो. म्हणून अ‍ॅडव्हान्स द्या, त्यात घासाघीस करू नका. पण पुढचे हप्ते कामाला बांधा: तोडफोड आणि प्लंबिंग झाल्यावर एक, पाण्याची टेस्ट पास झाल्यावर एक, टाइल्सनंतर एक. शेवटचे दहा टक्के महिनाभर बाथरूम वापरून झाल्यावर. काकांनी टाइल्स बसल्या त्याच संध्याकाळी सगळा हिशोब मिटवला. आता फोन वाजतो, कोणी उचलत नाही.

जाता जाता, राडारोड्याचंही कोटेशनमध्ये लिहून घ्या. किती पोती, कोण उतरवणार, कुठे टाकणार. नाहीतर ती जिन्याखाली पडून राहतात आणि एका रात्री नदीपात्रात जातात. 'टाकतो कुठेतरी' म्हणणाऱ्याला चहा पाजून तिथूनच निरोप द्या.