एकही गोळी न झाडता? मग मेले कोण?

भाऊजींनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज मी एरवी वाचून सोडून दिला असता. पण भाचा एनडीएची लेखी परीक्षा पास झालाय, एसएसबीची (अधिकारी निवडीच्या मुलाखतीची) तयारी करतोय, आणि परवा सराव मुलाखतीत त्याने २०२१मध्ये तालिबानने अफगाणिस्तान घेतल्याबद्दलचा तोच मजकूर घडाघडा म्हणून दाखवला: 'तीन लाख अफगाण सैनिक, हातात ८५ अब्ज डॉलरची अमेरिकी शस्त्रं, समोर फक्त ७५ हजार तालिबानी. एकही गोळी न झाडता पळाले. लढणं रक्तात असावं लागतं.'

८५ अब्जांचं आधी उरकतो. हा अफगाण सुरक्षा दलांवरचा वीस वर्षांचा ढोबळ खर्च आहे; पगार, डिझेल, प्रशिक्षण, बांधकाम सगळं धरून. मागे राहिलेल्या सामग्रीची किंमत पेंटागॉनच्याच (अमेरिकी संरक्षण खात्याच्या) हिशोबाने सुमारे ७ अब्ज.

तीन लाख? कागदावर. त्यात एक लाखावर पोलीस. उरलेल्यांतही नुसती नावं किती! पगार उचलणारा साहेब खरा, शिपाई खोटा. अफगाणिस्तानचे माजी अर्थमंत्री खालिद पायेंदा यांनीच पाडाव झाल्यावर हे सांगितलं. रोजगार हमीच्या मस्टरवरची बोगस नावं ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना जास्त समजवायला नको.

आता 'एकही गोळी न झाडता'. या वाक्याने माझं डोकं फिरतं. ब्राउन विद्यापीठाच्या अभ्यासानुसार या युद्धात ६५ हजारांहून अधिक अफगाण सैनिक आणि पोलीस मारले गेले. अमेरिकी सैनिक सुमारे अडीच हजार. जून २०२१मध्ये दौलताबादला (आपलं नव्हे, फरयाब प्रांतातलं) अफगाण कमांडो शेवटच्या काडतुसापर्यंत लढले. कुमक आली नाही. हात वर करून बाहेर आले, तेव्हा तालिबानने त्यांना गोळ्या घातल्या. बाविसाच्या आसपास पोरं गेली.

कुमक का आली नाही? चौक्या डोंगरात विखुरलेल्या, रस्ते तालिबानच्या ताब्यात, त्यामुळे दाणागोटा, दारूगोळा, जखमी, सगळं हवाईमार्गे. जुनी रशियन एमआय-१७ हेलिकॉप्टरं अफगाण मेकॅनिक स्वतः दुरुस्त करायचे. अमेरिकेने त्यांच्या जागी ब्लॅक हॉक आणली, त्यांची देखभाल परदेशी कंत्राटदारांकडे. २९ फेब्रुवारी २०२०च्या दोहा करारात सैनिकांबरोबर हे कंत्राटदारही परत न्यायचं ठरलं. करार झाला तालिबानशी. काबूलचं सरकार त्यात नव्हतंच. अमेरिकी सरकारच्याच 'सिगार' या तपास यंत्रणेने मे २०२२च्या अहवालात साफ लिहिलंय की सैन्य कोसळण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे सैनिक आणि कंत्राटदार काढून घेण्याचा निर्णय. देवगिरीवर धान्य समजून मिठाची पोती चढवल्याची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. तिथे कोणी गडकऱ्यांचं रक्त तपासत नाही.

एवढं मात्र मान्य करावं लागेल, नाइलाजाने: ऑगस्टमध्ये अनेक ठाणी खरोखरच न लढता पडली. ६ तारखेला झरंज शहर गेलं, १५ला काबूल. गावातले वडीलधारे मध्यस्थी करत, शिपाई हत्यार ठेवून घरी जात. राष्ट्राध्यक्ष घनी तर देशच सोडून गेले. पण महिनोन्‌महिने पगार नाही, वर हेलिकॉप्टर नाही, तेव्हा त्या शिपायाने नक्की कोणासाठी मरायचं होतं, ते भाऊजींनी सांगावं.

आणि रक्ताचंच म्हणाल, तर खडकवासल्याच्या त्याच मैदानावर अफगाण कॅडेटही घडलेत.

भाच्याने विचारलं, मग मुलाखतीत काय सांगू? म्हटलं, ब्लॅक हॉकचा पाना कोणाच्या हातात होता, तिथून सुरू कर.