डिस्क मोकळी झाली का, एवढं एक तरी खरं सांगा

काल रात्री साडेअकराला मी टेबलावर मूठ आपटली. बाहेर पाऊस कोसळतोय, कोयनेतून विसर्ग वाढवल्याचे मेसेज फोनवर येताहेत, सकाळच्या पहिल्या एसटीनं विट्याला ताईकडे हार्ड डिस्क पोचवायचीय, ती लिनक्सच्या मशीनवरून सोडवायला (याला अनमाउंट म्हणतात) माझी स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं लिहून ठेवलेल्या आज्ञा, चालवली, आणि स्क्रीनवर एकच ओळ. 'टार्गेट इज बिझी.' म्हणजे डिस्क अजून कुणीतरी वापरतंय. स्क्रिप्ट परत चालवली, तेच. दहा मिनिटं थांबून परत चालवली, तरी तेच. अरे, बिझी आहे तर कोणामुळं बिझी आहे ते सांग की! दुकानात मी एकटा. सगळे प्रोग्राम बंद केलेत, आज्ञा टाइप करायचं टर्मिनलसुद्धा डिस्कच्या फोल्डरमधून बाहेर काढलंय. मग धरून कोण बसलंय?

सांगलीत मारुती चौकाजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. 40 ला इशारा, 45 ला धोका, हे आकडे सांगलीतलं शाळेतलं पोरही सांगेल. पाणी उतरल्यावर लोक काय घेऊन दुकानात आले माहितीय? चिखलानं चिकटलेले अल्बम. एक आजी आल्या होत्या. लेकीच्या लग्नाचा अल्बम पदरात गुंडाळलेला, पानं एकमेकांपासून सुटत नव्हती. "बाळा, तुझ्याकडं असतील ना रे अजून?" होते. सगळे होते, कारण ती डिस्क तेव्हा दुकानात नव्हती. त्या दिवसापासून माझा नियम आहे: कामाची एक डिस्क, तिची नक्कल दुसरीवर, आणि तिसरी विट्याला ताईकडे. विटा उंचावर आहे, कृष्णेचं पाणी तिथं यायचं नाही. म्हणून ही डिस्क वेळेत निघणं म्हणजे माझ्यासाठी लोकांच्या आयुष्यातले दिवस सांभाळणं आहे. आणि ती निघेना!

डिस्क कोण वापरतंय ते सांगणारं एलएसओएफ चालवलं, तर कोरं. सुडो लावून, म्हणजे सगळे अधिकार घेऊन, चालवलं, तरी कोरं. त्याच कामाचं फ्यूजर चालवलं, तिथंही कोणी नाही. तीन-तीन हत्यारं सांगताहेत की डिस्क कोणीच वापरत नाही, आणि चौथं म्हणतंय बिझी आहे. रात्री सव्वा वाजता उलगडा झाला. अल्बम डिझाइनच्या मशीनला फायली दिसाव्यात म्हणून तोच फोल्डर मी एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर दाखवायच्या सोयीवर, शेअर केलेला. ते शेअरिंग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः सांभाळतो. त्याचा वेगळा प्रोग्राम नसतो, म्हणून यातल्या एकाही यादीत तो दिसत नाही. 'एक्स्पोर्टएफएस' या आज्ञेनं शेअर काढला आणि डिस्क एका सेकंदात सुटली. पावणेदोन तास गेले! कर्नललाच माहीत होतं की धरून तो स्वतःच बसलाय. 'एनएफएसनं धरलंय' एवढे दोन शब्द त्या ओळीत लिहायला काय जड होतं?

आणि यावर नेटवर सल्ला काय मिळतो? 'लेझी अनमाउंट कर, सुटेल.' सुटत नाही हो! फोल्डर नुसता नजरेआड होतो. आत ज्याचं लिहिणं चालू आहे ते चालूच राहतं, आपण मात्र निघाली म्हणून केबल ओढतो. असला सल्ला देताना कुणाची लाजही वाटत नाही. समोरच्याच्या डिस्कवर काय आहे हे न विचारता एक अक्षर टाइप करायला सांगून मोकळे.

तसलीच एक उचललेली स्क्रिप्ट मला दोन वर्षांपूर्वी भोवली. दहा ओळींची होती. पहिली डिस्क जोडा, दुसरी जोडा, आरसिंकनं नक्कल करा, दोन्ही काढा. त्यात 'डिलीट' पर्याय लावलेला, म्हणजे मूळ जागेवरून गेलेली फाइल नकलेतूनही जाते. महिनाभर छान चाललं. मग एका रात्री कामाच्या डिस्कची केबल सैल होती. ती यूएसबी 3 ची रुंद पिन, जरा हललं की सुटते. डिस्क जोडलीच गेली नाही. पण डिस्क जिथं जोडायची तो फोल्डर तर मशीनवर जागेवर होताच, मोकळा! स्क्रिप्टनं तो मोकळा फोल्डर म्हणजेच डिस्क समजली आणि नक्कलही तशीच मोकळी करायला घेतली. मी जेवून आलो तेव्हा नकलेच्या डिस्कचा दिवा लुकलुकत होता आणि स्क्रीनवर फोल्डरांची नावं वर सरकत होती, प्रत्येकापुढं 'डिलीटिंग'. कुणाचा साखरपुडा, कुणाचं बारसं, कुणाची साठी. कंट्रोल-सी दाबेपर्यंत दीड टीबीतलं निम्मं गेलं होतं. मूळ डिस्क धड होती म्हणून वाचलो. रात्रभर जागून परत नक्कल केली, पण त्या रात्रीत मूळ डिस्क पडली असती तर? त्या आजींना मी काय तोंड दाखवलं असतं?

'माउंटपॉइंट' नावाची एक आज्ञा आहे. या फोल्डरवर खरंच डिस्क बसलीय का, ते सांगते. 'बसली नसेल तर इथंच थांब,' ही एका ओळीची गोष्ट. ती ओळ त्या स्क्रिप्टमध्ये का नव्हती? लिहिणाऱ्याला तिचं महत्त्व कळत नव्हतं, तर त्यानं लोकांना द्यायची कशाला? आता मी ती ओळ दोन्ही डिस्कांना लावलीय, शिवाय मोकळ्या फोल्डरांवर 'चॅटर'नं कुलूप घातलंय, म्हणजे डिस्क नसताना त्यात चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. हे सगळं मी रात्री जागून, नुकसानीच्या काठावर उभा राहून शिकलो.

बाकीच्या तऱ्हा तर विचारूच नका. डिस्कला 'एसडीबी' म्हणायचं की 'एसडीसी', हे ती कितव्या नंबरानं सापडली त्यावर ठरतं. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी लावलेला असला की माझी स्क्रिप्ट त्यालाच माझी डिस्क समजायची. यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा स्वतःचा ओळख-क्रमांक, वापरायला लागल्यापासून ते थांबलं. मग एफएसटॅबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत, डिस्कची नोंद केली आणि 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढं जा) लिहायचं राहिलं. ऐन मुहूर्ताच्या सकाळी डिस्क घरी, मशीन दीड मिनिट तिची वाट बघत बसलं आणि सरळ इमर्जन्सी मोडमध्ये गेलं. नवरीकडची माणसं समोर, आणि काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं! एक बाहेरची डिस्क लावलेली नाही म्हणून अख्खं मशीन अडून बसतं, ही कुठली रीत? केबल लावली की आपोआप जोडलं जावं म्हणून यूडेव्हच्या, म्हणजे नवीन लावलेली वस्तू ओळखणाऱ्या प्रोग्रामच्या, नियमातून माउंट करून (जोडून) बघितलं. तो नियम चालतो, पण स्वतःच्या बंद खोलीत. तिथं जोडलेली डिस्क बाहेर कुणाला दिसतच नाही. दोन रविवार गेले त्यात.

पण माझा खरा संताप 'कॉपी झाली' या खोटेपणावर आहे. दुकानातला पोरगा विंडोजवर शिकलेला. विंडोज 10 मध्ये 2018 च्या 1809 आवृत्तीपासून 'क्विक रिमूव्हल' आपोआप चालू असतं. डिस्कसाठी लिहायचं तिथं मेमरीत साठवून ठेवत नाहीत, म्हणून पोरांना झालं की ओढायची सवय लागलीय. माझ्या उबुंटू लिनक्सवर तसं नाही. तिथं मोकळ्या मेमरीच्या 20 टक्क्यांपर्यंत लिहायचं बाकी ठेवायची मुभा असते. 16 जीबीच्या मशीनवर ते दोन-तीन जीबी सहज होतं. कॉपीची पट्टी भरते, खिडकी बंद होते आणि माल अजून मेमरीतच असतो. "दादा, झालं, काढू का?" म्हणेपर्यंत त्यानं काढलेलाही होता. पेनड्राइव्ह हळू, त्यावर हळदीचा व्हिडिओ अर्धाच गेलेला. गिऱ्हाइक इस्लामपूरला घरी पोचलं, पाहुणे जमवून टीव्हीला लावलं, आणि मग मला फोन. मी पोराला बोललो, ते आजही मनाला लागतं. त्याची काय चूक? स्क्रीनवर झालं असं दिसलं, त्यानं विश्वास ठेवला. पट्टी लिहिणाऱ्यानं खोटं सांगितलं आणि बोलणी खाल्ली पोरानं.

आता माझी स्क्रिप्ट आधी 'सिंक' करते, म्हणजे मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून घेते, मग अनमाउंट, मग 'यूडिस्कसीटीएल'नं वीज तोडते. डिस्कची घरघर थांबली, दिवा विझला, की मगच केबलला हात लावायचा, असं मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवलंय. कालपासून त्यात एनएफएसचा शेअर काढायची ओळही आली. दहा ओळींची स्क्रिप्ट चौऱ्याहत्तर ओळींची झाली, नुसती एक डिस्क लावायला आणि काढायला!

पहाटे पाचला ताईचा फोन. "पाणी कुठवर आलंय रे? निघालास का?" डिस्क प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून मांडीवर घेतली होती. तासगावच्या पुढं गाडी गेली, उघडं माळरान लागलं, तेव्हा कुठं डोळा लागला.