‘स्वप्नभंग’ हा शब्द पटला नाही

सुब्रतो चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या विभागीय फायनलला पेनल्टी शूटआउटवर हरलेल्या आमच्या ऐरोलीच्या पोरांची ‘स्वप्नभंग’ मथळ्याची तुमची बातमी वाचून पुन्हा गळा दाटून आला. माझा मुलगा त्या संघात लेफ्ट बॅक खेळतो. आधी मनपा स्तर, मग विभाग, मग राज्य, तेव्हा कुठे राष्ट्रीय फेरी. इतकं वर चढून आलेल्या पोरांना ‘स्वप्नभंग’ हा मथळा का? सतरा वर्षांखालच्या गटात यातली निम्मी पोरं पुढच्या वर्षी वयात बसणार नाहीत, म्हणून ती रडत होती.

जुलैभर चिखलात सराव. रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचो, पहाटे साडेपाचला तरी बूट ओलेच. शेवटची पेनल्टी हुकलेल्या पोराला गोलकीपरने उठवलं, बसपर्यंत त्याची बॅग स्वतः नेली. हे बातमीत हवं होतं हो!

२०२२ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाची फायनल झाली, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. त्याच नवी मुंबईत आमच्या पोरांना लग्नाच्या मांडवांतून उरलेलं मैदान मिळतं. आठवड्यातले तीन दिवस तरी त्यांच्यासाठी राखून ठेवा, एवढीच कळकळीची विनंती.