किडनीच्या हिशेबात धूरही धरा

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुणाची किडनी गेली की कारणं ठरलेली. साखर होती, बीपी होतं, गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या खाल्ल्या. कारणं खरीच आहेत. पण तो माणूस उभा जन्म फौंड्रीत भट्टीपुढं राबला, किंवा हायवेकडेला गाडा लावून बसला, हे कुणीच धरत नाही. ते धरायला हवं.

धुरातले अडीच मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण छातीतच थांबत नाहीत. त्यांनी अंगात सूज धुमसत राहते, रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, बीपी चढतं. अगदी बारीक कण तर रक्तातच उतरतात. आणि हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा किडन्यांकडं जातो! अमेरिकेत सुमारे 25 लाख माजी सैनिकांच्या तब्येतीच्या नोंदी साडेआठ वर्षं तपासल्या गेल्या. जिथं हे कण जास्त, तिथं किडनीचा जुनाट आजारही जास्त निघाला. एकट्या धुरानं किडनी जाते असं यातून सिद्ध होत नाही, पण साखर-बीपीवाल्यानं तर धुराकडं मुळीच काणाडोळा करू नये.

या कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम आहे, आपल्या देशाची 40. म्हणजे सरकारी कागदावर ‘ठीक’ असलेली हवाही निर्धास्त राहण्यासारखी नाही. 2019 साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला. त्यात इकडं हुबळी-धारवाड आहे, तिकडं कोल्हापूर, सांगली आहे. मधलं बेळगाव नाही. उद्यमबागेत भट्ट्या, ऊस तुटला की शिवारभर पेटलेलं पाचट, गुऱ्हाळं, वीटभट्ट्या, सगळं असूनही नाही. सीमाप्रश्नासाठी आपण इतकी निवेदनं दिली, एक या हवेसाठीही देऊया. पाचट जाळण्याऐवजी कुट्टी करून रानातच कुजवता येतं, त्यासाठी यंत्रं गावोगाव भाड्यानं मिळावीत ही मागणीही त्यात घाला.

आणि गणेशोत्सव मंडळांना कळकळीची विनंती. तुमच्या आरोग्य शिबिरात साखर आणि बीपी बघून माणसाला घरी पाठवतात. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीनं गाळून बाहेर टाकायचा कचरा) वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं निम्म्याच्या आसपास काम गेलेलं असू शकतं. लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) बऱ्याचदा त्याआधीच सापडतं, तपासणी साधी आहे. यंदा या दोन्ही तपासण्या ठेवा. फौंड्रीतले, गुऱ्हाळावरचे, वीटभट्टीवरचे चाळिशीपुढचे कामगार आणि चुलीपुढं बसणाऱ्या बायका यांना घरी जाऊन बोलावून आणा. शिबिर रविवारी घ्या, म्हणजे कुणाचा पगार बुडणार नाही.