मॅडमना सांगा

शिवणयंत्र मी घेतलं. पैसे माझे, हौस माझी आणि त्यावर बसणारही मीच. हे मी दुकानात सांगितलं, डेमोची वेळ ठरवायला फोन आला तेव्हा सांगितलं आणि शेवटी दारात उभं राहूनही सांगितलं. तरी डेमो द्यायला आलेल्या पोराने बूट काढता काढता पहिला प्रश्न टाकला, "मॅडम आहेत ना घरी?"

मशीन घ्यायची वेळ का आली, तर आमच्या डोंबिवलीत पॅन्टची मोहरी उसवली तर टीप मारून देणारा माणूस आता सापडत नाही. एक टेलर म्हणतो अल्टर घेत नाही. दुसरा घेतो, पण "ठेवून जा, मंगळवारी बघू" म्हणतो आणि कुठला मंगळवार ते सांगत नाही. तिसऱ्याकडे गेलेला माझा झब्बा अजून तिसऱ्याकडेच आहे. म्हटलं, चुलीत गेले सगळे, आपलं आपण शिवू.

"मॅडम कामात आहेत," मी म्हणालो. "शिकायचं मला आहे."

रिक्षात हँडल धरायला मागणाऱ्या पोराकडे बघून रिक्षावाला हसतो तसा तो हसला. "चालेल ना साहेब. आपण थांबू. मॅडम फ्री झाल्या की सुरू करू."

मॅडम फ्री होणार नव्हत्या. आतल्या खोलीत दार लावून तिची ऑफिसची मीटिंग चालू होती आणि ती संपली असती तरी तिने मशीनकडे ढुंकून पाहिलं नसतं. शिवणाचा तिला मनापासून कंटाळा आहे. लग्न झाल्यापासून या घरातलं प्रत्येक बटण मी लावलंय, तिच्या कुर्त्यांचीसुद्धा. तेही मी त्याला सांगितलं.

"हाताचं वेगळं असतं साहेब," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "हे मशीन आहे."

"तू कुठे शिकलास?"

"पप्पांकडे. टेलर आहेत."

"घरात आणखी कोण शिवतं?"

"दोन्ही काका. मोठ्या काकांचं स्वतःचं दुकान आहे."

"आणि आई?"

"छे! आईला नाही येत."

"मग मी शिकलो तर काय बिघडलं?"

त्याने क्षणभर विचार केला. मला वाटलं, पटलं. "साहेब, पप्पांचं ते जेंट्स मशीन. काळं, पायाचं. हे लेडीज मॉडेल आहे." आणि पुरावा म्हणून त्याने मशीनच्या पोटावर छापलेल्या गुलाबी फुलावर बोट ठेवलं.

त्या फुलाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पण गल्लीत मापं घेणारा मास्तर पुरुष, कटिंग करणारा पुरुष, इंटरलॉक मारून देणारा पुरुष, एवढंच काय, बायकांच्या ब्लाऊजवर "फिटिंगची गॅरंटी" देणाराही पुरुषच. शिवणाचे पैसे होतात तिथे बाप्ये बसलेत आणि घरात फुकटात शिवायचं म्हटलं की मॅडम! शाळेतही कार्यानुभवाच्या तासाला मुली बाकावर बसून रुमालाला टाके घालायच्या आणि आम्ही मुलं मैदानातले दगड वेचायचो. तो कुठला कार्यानुभव होता कोण जाणे. नंतर आयुष्यात दगड वेचायची वेळ कधी आली नाही. बटणं मात्र नेमाने तुटतात.

यंत्राचा इतिहास काढून पाहिला तर तिथेही सगळे बाप्येच. फ्रान्समध्ये थिमोनिए नावाच्या शिंप्याने 1830 साली पेटंट घेतलं आणि सैन्याचे गणवेश शिवायला यंत्रं मांडली. पोटावर पाय येणार म्हणून तिथल्या शिंप्यांनीच ती 1831 मध्ये फोडली. अमेरिकेत इलायस हाउने 1846 साली टोकाशी नेढं असलेल्या सुईच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. मग 1851 साली आयझॅक सिंगर आपलं पेटंट घेऊन आला आणि हाउने त्याला कोर्टात खेचून रॉयल्टी वसूल केली. गांधीजी यंत्रांच्या वेडाच्या विरोधात, पण 1924 मध्ये 'यंग इंडिया'त आलेल्या एका संवादात त्यांनी सिंगरच्या यंत्राला सूट दिली. बायको हाताने शिवून शिवून दमते हे सिंगरला बघवेना, म्हणून प्रेमापोटी त्याने हे यंत्र केलं, असं ते म्हणाले. गोष्ट गोड आहे, फक्त कुठली बायको एवढं विचारू नये. सिंगर नाटकातला नट. एकाच वेळी त्याचे अनेक संसार चालू होते, मुलं वीसहून जास्त, आणि हे सगळं उघड झाल्यावर गृहस्थाने अमेरिका सोडून युरोप गाठला. शोधणारे बाप्ये, फोडणारे बाप्ये, कज्जे करणारे बाप्ये. आणि माझ्या हॉलमध्ये स्टुलावर बसून हे पोरगं मला सांगत होतं, "मॅडमना सांगा, चाक नेहमी आपल्याकडे फिरवायचं."

कारण अखेर डेमो सुरू झाला होता, त्याला पुढच्या घरी जायचं होतं म्हणून. पण शिकवणी माझी नव्हती. मी निरोप्या होतो. "मॅडमना सांगा, सुती कापडाला चौदा नंबरची सुई, जीन्सला सोळा." "मॅडमना सांगा, सुईची चपटी बाजू मागे." "मॅडमना सांगा, खालच्या दोऱ्याच्या बॉबिनची डबी बसली की टक् असा आवाज येतो, तो आल्याशिवाय शिवायचं नाही." मी स्टुलाकडे सरकलो की तो कोपर किंचित बाहेर काढायचा. पेडलवर पाय ठेवला तर म्हणाला, "साहेब, जपून हं, मॅडमना नवीन मशीन लागेल ना."

दोरा ओवायची वेळ आली तेव्हा तो थांबला. घसा खाकरला. "साहेब, एक घोट चहा मिळेल?"

मी चहा टाकायला गेलो आणि या पठ्ठ्याने तेवढ्यात आतल्या खोलीचं दार वाजवलं. बायकोने दार बोटभर उघडलं, कानातलं एक बोंडूक काढलं, त्याने काहीतरी सांगितलं, तिने मान डोलावली, दार बंद. मी आल्याचा तुकडा ठेचत होतो. एकही शब्द माझ्या कानावर आला नाही.

चहा पिऊन त्याने फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता, "गृहिणीचे नाव". मी तिथे माझं नाव लिहायला लागलो तर त्याने पेन धरलं. "सिस्टीम घेत नाही साहेब." शेवटी वॉरंटी बायकोच्या नावावर झाली. बिलावर मात्र मीच आहे.

तो गेल्यावर मी उशीचा जुना अभ्रा घेऊन बसलो. वरून टीप कशी, छापील! कापड उलटं केलं तर खाली दोऱ्याचं घरटं. कापून काढलं, पुन्हा शिवलं, पुन्हा घरटं, आणि आता कापड दात्यांना असं चिकटलं की ओढून निघेना. डबी काढली, पुसली, टक् आवाज करून बसवली. बॉबिन नव्याने भरलं. सुई बदलली. ताणाची चकती तीनवरून पाचवर नेली, पाचवरून सातवर. खाली जे जमत होतं त्याला गुंता म्हणणं हा गुंत्याचा अपमान होता.

मीटिंग संपवून बायको बाहेर आली, पाण्याची बाटली भरली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे, फूट वर करून दोरा घाल ना. तो म्हणाला होता."

"कुणाला म्हणाला होता?"

"मला."

त्या पोराने अख्ख्या डेमोतली एकुलती एक कामाची गोष्ट तिला सांगितली होती. वरचा दोरा ताणाच्या दोन चकत्यांमधून जातो. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा तो पाय, खाली असला की त्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा आत न शिरता नुसता वरून सरकतो, त्याला ताण राहत नाही आणि तो सैल पडून खाली साठतो. घोळ वरचा, पण दिसतो कापडाखाली, म्हणून आपण त्या बिचाऱ्या बॉबिनला बोल लावतो. फूट वर केला, दोरा नव्याने ओवला, खालून वरून सारखी टीप. चकत्या काय, मिटल्या होत्या. कान माझे उघडेच होते, पण सांगायचं कुणाला, हे त्याने दारातच ठरवून टाकलेलं.

आता मला बरं येतं. मोहऱ्या येतात, अभ्रे येतात, झिगझॅगवर साडीच्या कडेला पिको करता येतं. कंपनीचा फोन मात्र बायकोलाच येतो, ऐन मीटिंगमध्ये. "मॅडम, मशीन कसं चाललंय? काही तक्रार?" ती म्हणते, "नाही, मस्त आहे," आणि ठेवून देते. तक्रार माझी आहे हो! पेडल दाबलं की अडकतं, दिवा मधेच जातो. मी फोन केला तर पलीकडची बाई म्हणाली, "रजिस्टर्ड कस्टमरना बोलू द्या सर."

परवा वरच्या मजल्यावरच्या काकू दोन साड्या घेऊन आल्या, फॉल-पिकोला. बायकोनेच दार उघडलं, बायकोनेच साड्या घेतल्या आणि "शनिवारी देते" असंही बायकोच म्हणाली. शनिवारी काकूंनी पदर उजेडात धरून पाहिला. "काय सफाई गं तुझ्या हाताला! नोकरी सांभाळून कसं जमतं?"

"होतं हो काकू, आवड असली की," बायको म्हणाली.

मी तिथेच होतो, मांडीवर तिसरी साडी, तोंडात दोरा. काकू चपला घालता घालता माझ्याकडे वळल्या, "आणि तुम्ही नुसते बसून काय असता हो? निदान फॉलला इस्त्री तरी करून द्यावी तिला."