बाळ उलटं धरायचा तो मेसेज पुढे पाठवू नका

चोपडा-शिरपूरकडच्या ग्रुपवर फिरतंय की बाळ जन्मल्यावर रडलं नाही तर पाय धरून उलटं करा, चापट्या मारा, गार पाणी शिंपडा. चूक आहे हे, इजा होते त्याने. आधी कोरड्या सुती कपड्याने नीट पुसायचं, ओलं फडकं लगेच बाजूला, पाठ हलक्या हाताने चोळायची आणि तरी श्वास नाही घेतला तर पहिल्या मिनिटातच बॅग-मास्कने (नाकातोंडावर मास्क धरून हाताने पिशवी दाबत) हवा द्यावी लागते, ते शिकलेल्या नर्सबाईंचं काम, घरी जमत नाही, म्हणून कळा सुरू झाल्या की १०८ लावा, फुकट आहे. आणि जळगावच्या मे महिन्यात बाळाला पुसून ऊबेत ठेवायचं कशाला म्हणणाऱ्यांनो, ओलं बाळ कूलरपुढे गारठतंच की!