फॅरोवर कादंबरी लिहिताय? मग कागदपत्रांपासून लांब राहा

फॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तचा राजा, तेव्हा आधी राजघराणं निवडा. इजिप्तमध्ये तीन हजार वर्षांत तीसेक घराणी होऊन गेली असली, तरी तुम्ही अठराव्या घराण्याचा उंबरा ओलांडायचा नाही. राज्य करणारी राणी हत्शेपसुत, राजा अखेनातेन, त्याची राणी नेफरतिती, तरुण राजा तुतनखामेन हे सगळे तिथेच एकगठ्ठा मिळतात. तेराव्या घराण्यात दीडेकशे वर्षांत पन्नासेक राजे झाले, पण त्यांतला एकही मुखपृष्ठावर ओळखू येत नाही. क्लिओपात्रा चालेल. ती तुतनखामेननंतर तेराशे वर्षांनी झाली आणि तिचे पूर्वज मॅसिडोनियाचे होते, ही अडचण प्रस्तावनेतसुद्धा येऊ द्यायची नाही.

मुखपृष्ठावर नेफरतितीच हवी. तिचा तो प्रसिद्ध अर्धपुतळा १९१२च्या डिसेंबरमध्ये अमार्नाला, म्हणजे अखेनातेनच्या राजधानीच्या जागी, थुतमोस नावाच्या शिल्पकाराच्या कार्यशाळेत सापडला. आता तो बर्लिनमध्ये आहे. त्याच्या डाव्या डोळ्यात बुबुळ नाही. मुखपृष्ठ करणारा ते संगणकावर बसवून देईल. त्याने नाही बसवलं तर घाबरू नका, शिल्पकाराचं राणीवर प्रेम होतं म्हणून त्याने एक डोळा अपुरा ठेवला, असं एक प्रकरण पाडा. अशा प्रकरणाला पुरावा लागत नाही, पाऊस लागतो. इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ पडत नाही, तरीही पाडा.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे केव्हाच सुटलेला आहे. राजधानी थीब्जचा दरबार शनिवारवाड्यासारखा बोलला पाहिजे. सरदारांनी मुजरे करावेत, हेरांनी खलिते आणावेत, राजमातेने पडद्याआडून मसलत करावी. ‘महाराज, गुस्ताखी माफ’ हे वाक्य दर वीस पानांनी आलं की वाचकाला इतिहासात असल्यासारखं वाटतं. कुठला इतिहास, हे तो विचारत नाही.

आता तपशील. हेराला बातमीचा मोबदला म्हणून सोन्याच्या मोहरांची थैली फेकायची. त्या काळात इजिप्तमध्ये नाणीच नव्हती. किमती ‘देबेन’ या वजनात मोजत, एक देबेन म्हणजे साधारण ९१ ग्रॅम तांबं, आणि पगार धान्यात मिळे. राजांची थडगी खोदणाऱ्या देर अल-मदिनाच्या कारागिराला महिन्याला चार खार गहू आणि दीड खार जव मिळत. एक खार म्हणजे सुमारे ७६ लिटर. प्रामाणिकपणे लिहायचं म्हटलं तर राणीला खिडकीतून हेराच्या अंगावर गव्हाचं पोतं टाकावं लागेल. तेव्हा मोहराच बऱ्या.

नायिकेला पळवायचं असेल तर थीब्जहून उत्तरेच्या मेम्फिस शहराला, नावेतून, शिडात वारा भरून पळवा. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते आणि वारा बहुधा उत्तरेकडून येतो, म्हणून मेम्फिसकडे जाताना शीड उतरवून वल्ही मारत प्रवाहाबरोबर जायचं आणि परतताना शीड उभारायचं, ही व्यवस्था तिथल्या प्रत्येक नावाड्याला माहीत होती. तुमच्या वाचकाला नाही. नकाशा छापणार असाल तर ‘वरचा इजिप्त’ वरच्या बाजूला दाखवा. खरा तो खाली, दक्षिणेला आहे, पण छापखान्यातलं कोणीतरी तो ‘दुरुस्त’ करणारच. वाळवंटात उंटांचा तांडा हवाच. तुतनखामेनच्या काळात ओझी गाढवं वाहत, आणि गाढवावरून येणारा सेनापती खपत नाही. त्याला घोड्यावर बसवा, रिकिबीत पाय अडकवून. घोडे होते, पण रथाला जुंपायला, आणि रिकीब जगात कुठेच नव्हती.

अंत्यविधीला किमान चाळीस पानं ठेवा. इथे एक चूक आवर्जून करायची: हृदय बरणीत ठेवायचं. प्रत्यक्षात ममी करताना यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी अशा चार गोष्टी चार बरण्यांत जात. मेंदू नाकातून आकडीने काढून फेकून देत. हृदय मात्र देहातच ठेवत, कारण परलोकात ते पिसासमोर तोललं जायचं होतं. मग सत्तर दिवसांच्या विधीतले चाळीसेक दिवस देह नॅट्रॉन या क्षारात वाळत पडे. या चाळीस दिवसांत कादंबरीच्या दृष्टीने काहीही घडत नाही. म्हणून प्रियकराला मध्यरात्री ती बरणी चोरू द्या. वाचक रडतो. बरणीत यकृत होतं, हे शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही.

हत्शेपसुत घेतलीत तर सेनेनमुत हा तिचा प्रियकर. तो तिच्या मुलीचा शिक्षक आणि मोठा अधिकारी होता, एवढं पक्कं. प्रेमाचा पुरावा म्हणून देर अल-बहरीला तिच्या मंदिराच्या वरच्या बाजूला असलेल्या एका गुहेतलं अश्लील रेखाटन दाखवतात. त्यावर कोणाचंही नाव नाही. एवढ्या भांडवलावर तीनशे पानं सहज होतात. पुढे तिच्या सावत्र मुलाने, राजा तिसऱ्या थुतमोसने, तिची नावं खोडली, ती तिच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी, स्वतःच्या राजवटीच्या उत्तरार्धात. इतका थंड माणूस खलनायक म्हणून निरुपयोगी आहे. त्याच्या हातात छिन्नी तिच्या मृत्यूच्या रात्रीच द्या, आणि डोळ्यांत अंगार.

तुतनखामेनचा खून झालाच पाहिजे. १९६८मध्ये त्याच्या ममीचे एक्स-रे काढले, कवटीत हाडाचे तुकडे दिसले, आणि डोक्यात घाव घातला गेला असं ठरलं. २००५च्या सीटी स्कॅनने ते तुकडे मृत्यूनंतरचे असल्याचं दाखवलं. डावी मांडी मोडलेली मात्र आढळली. स्कॅन वाचू नका, १९६८ला थांबा. मारेकरी म्हणून म्हातारा दरबारी अय आयताच हाताशी आहे: पुढचा राजा तोच झाला, आणि थडग्याच्या भिंतीवर बिबट्याचं कातडं पांघरून मृताचा मुखोद्घाटन विधी करताना तोच रंगवलेला आहे. वाचकाला हवी असते आपल्याच घरची वाटणी, फक्त अंगावर सोनं घालून. काका, पुतण्या, विधवा आणि गादी एवढी माणसं जमली की आपल्याकडे कोणाला पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

एवढं जमलं की सगळ्यात मोठ्या धोक्याकडे या. तो म्हणजे खरी कागदपत्रं. अमार्नाला १८८७मध्ये मातीच्या पाट्या सापडल्या, साडेतीनशेच्या वर, बहुतेक राजेरजवाड्यांची पत्रं. त्यांत बाबिलोनचा राजा फॅरोकडे मुलगी मागतो. इजिप्तची राजकन्या कोणालाही दिली जात नाही, असं उत्तर येतं. यावर तो कळवतो की मग कोणतीही देखणी बाई राजकन्या म्हणून पाठवा, ती राजकन्या नाही असं इथे कोण म्हणणार आहे? उत्तर सीरियातल्या मितन्नी राज्याचा राजा तुश्रत्ता तक्रार करतो की भरीव सोन्याचे पुतळे कबूल केले होते, आले ते सोन्याचा पत्रा मढवलेले लाकडी. हे तुमच्या कादंबरीत आलं, तर ‘गुस्ताखी माफ’वाली पानं लगेच फिकी पडतील.

हित्तींच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या एका साम्राज्याच्या) नोंदीतली ती विधवा राणी तर अजिबात घेऊ नका. बहुतेक अभ्यासक तिला तुतनखामेनची बायको अंखेसेनामुन मानतात. ती हित्तींच्या राजाला, म्हणजे शत्रू सुप्पिलुलियुमाला, लिहिते: नवरा गेला, मुलगा नाही, तुमचा एक मुलगा पाठवा, त्याला राजा करते, नोकराशी लग्न करणार नाही. राजाला हे खरंच वाटत नाही. तो चौकशीला माणूस धाडतो. थीब्ज ते हित्तींची राजधानी हत्तुशा दीड हजार किलोमीटरच्या वर, त्यात हिवाळा, उत्तर यायला वसंत उजाडतो. राणी चिडून दुसरं पत्र पाठवते. मग राजपुत्र झन्नांझा निघतो आणि इजिप्तला पोचण्याआधीच मारला जातो. बाप सूड म्हणून सैन्य पाठवतो, आणि त्या सैन्याने धरून आणलेल्या इजिप्शियन कैद्यांबरोबर हित्तींच्या देशात रोगाची साथ येते. वर्षानुवर्षं लोक मरत राहतात, आणि धाकटा मुलगा मुर्शिली ती थांबावी म्हणून देवांपुढे गाऱ्हाणी घालतो. ती गाऱ्हाणी आजही वाचता येतात. यापुढे तुमचा विषाचा प्याला काय करणार?

आणि एवढं सांगूनही विसाव्या घराण्याकडे जायचंच असेल, तर तिसऱ्या रामसेसचा जनानखान्यातला कट आहे. राणी तिये, मुलगा पेंतावेरे, मेणाच्या बाहुल्या, जादूटोणा, राजाचा चिरलेला गळा (तो २०१२मध्ये स्कॅनवर दिसला), सगळं तुमच्या मापाचं. खटल्याचा पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरची नोंद, इटलीत तूरिनमध्ये आहे. तो मात्र उघडू नका. त्यात असं आहे की खटला चालवायला नेमलेल्यांपैकी काही जण आरोपी बायकांबरोबर दारू पीत बसले. त्यांची नाकं-कान कापले, आणि पाइबेस नावाच्या एकाने त्यानंतर जीव दिला. त्याच टोळक्यातला होरी नावाचा ध्वजधारक फक्त बोलणी खाऊन सुटला. तो कसा सुटला, यावर पपायरसात अवाक्षर नाही. संपादक विचारतील, होरीचं पात्र पटत नाही, काढू या का? काढून टाका.